मायना, विषय आणि फाटलेला कोपरा

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत आणि निदान दोन धामणगावे. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. अचलपूरकडचे धामणगाव गढी आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे धामणगाव रेल्वे. त्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, आणखी एक धामणगाव बढे. गावात राहणारा माणूस बोलताना 'धामणगाव' एवढेच म्हणतो. 'रेल्वे' हा शब्द लागतो तो लिहिताना, आणि तोही स्वतःसाठी नव्हे, टपाल छाटणाऱ्यासाठी. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरला पोहोचला आणि यवतमाळकडचा कापूस सडकेने या स्थानकावर येऊ लागला. गाठींवरचे मार्के, पार्सलांवरचे पत्ते आणि पाकिटांवरचे तालुके यांच्या गर्दीत गावाच्या नावाला हे शेपूट चिकटले आणि मग ते नावच झाले. न्यायशास्त्राच्या परिभाषेत ते व्यावर्तक विशेषण आहे. वस्तूचे गुण सांगणे हे त्याचे काम नसून तिला सजातीयांतून वेगळे काढणे हे त्याचे काम आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांनी भेदाच्या तत्त्वाविषयी जे म्हटले, ते वऱ्हाडातल्या टपालखात्याला त्यांच्या व्याख्यानांआधीच व्यवहारात करावे लागत होते.

ई-मेलच्या माथ्यावर 'विषय' नावाचा जो रकाना असतो, त्याची गोष्ट इथपासून सुरू करण्याचे कारण आहे. व्यापारी संस्था आपल्या ग्राहकांना जी पत्रे पाठवतात, त्यांतील विषयओळ हा आज कदाचित सर्वांत जास्त लिहिला जाणारा, सर्वांत जास्त तपासला जाणारा आणि समीक्षेने सर्वांत कमी पाहिलेला गद्यप्रकार आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तिला तीस-चाळीस अक्षरांची जागा मिळते. तिचा लेखक अनामिक असतो आणि वाचक बहुधा तिला न उघडता पुसून टाकतो. मराठीत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या अनेकांना पुण्यामुंबईत उपजीविका मिळते ती अशाच मजकुरातून. विद्यापीठात ध्वनिसिद्धान्त शिकायचा आणि कचेरीत 'फक्त आजच!' लिहायचे, हा अंतर्विरोध त्यांच्या वाट्याला आला आहे. तो अंतर्विरोधच आहे का, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

जुन्या मराठी पत्राला विषयओळ नव्हती. त्याला मायना होता. हेमाडपंताच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके काय, किंवा शिवकालात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशातील लेखनव्यवहाराचा स्वतंत्र वर्ग काय, यांतून दिसते ते हे की, पत्र कोणी कोणास कसे लिहावे याचे शास्त्र या भाषेत फार काळजीपूर्वक घडवले गेले होते. राजमान्य राजेश्री, तीर्थरूप, चिरंजीव, अखंडितलक्ष्मीअलंकृत. मग कृतानेक साष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद. मग येथील क्षेम. आणि त्यानंतर 'विशेष'. 'विनंती विशेष', 'आशीर्वाद उपरी विशेष' या सूत्रांतला हा शब्द म्हणजेच जुन्या पत्रातली विषयओळ. मात्र तिचे स्थान महत्त्वाचे आहे. ती नात्याच्या मागून येते. कोण कोणाशी बोलत आहे हे पुरते ठरल्यावरच काय बोलायचे आहे ते सुरू होते. रोमान याकोब्सन यांनी १९६० च्या प्रसिद्ध निबंधात भाषेचे जे संपर्कसाधक कार्य सांगितले (त्याचे बीज मालिनोव्स्की यांच्या १९२३ च्या लेखनात आहे), ते मायन्यात मूर्तिमंत आहे. पण मायना नुसता संपर्क साधत नाही, तो दोघांची उंची मोजून त्यांना आपापल्या पाटावर बसवतो.

इंग्रजी कचेरीने हा क्रम उलटा केला. सरकारी पत्रात 'विषय' वर आला, त्याखाली 'संदर्भ', आणि माणूस 'महोदय' या एका शब्दात आटोपला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी शासनव्यवहाराची भाषा झाली, तेव्हा ही रचना तशीच मराठीत उतरली आणि '...बाबत' हा तिचा पालुपदासारखा शेवट झाला. या रचनेची टवाळी करणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. 'सातबारा उताऱ्यातील नोंद दुरुस्त करणेबाबत' ही ओळ कोणालाही मोहात पाडत नाही. ती फाईल योग्य टेबलावर नेते, इतकेच. ई-मेलचा माथा याच कचेरीच्या टिपणातून आला. १९७३ साली संगणक-जाळ्यावरील पत्रांच्या मथळ्याचे प्रमाणीकरण सुचवले गेले, तेव्हा प्रेषक, दिनांक आणि विषय हे तीन रकाने त्यात होते. नाते सांगणारा रकाना नव्हता. त्या जाळ्यावरच्या अभियंत्यांना त्याची गरजही नव्हती.

मग व्यापार आला. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्यूर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा पाठवले. घाऊक व्यापारी ई-मेलचा हा पहिला प्रयोग मानला जातो. त्यात पत्त्यांची यादी इतकी लांबली की ती आपल्या रकान्यात मावली नाही. काही पत्ते मजकुरात घुसले आणि विषयाच्या जागी एका प्राप्तकर्त्याचा पत्ताच जाऊन पडला. तांत्रिक अपघात म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिच्यात थोडे अधिक दिसावे. चारशे जणांना एकच गोष्ट सांगायची असली की 'कोणास' आणि 'काय' यांच्यातली भिंत कोसळते. त्यानंतर विपणनाच्या विषयओळीने जे काही केले, ते ही कोसळलेली भिंत रंगवून झाकण्याचे काम होते. मायन्याचे काम विषयाच्या रकान्यात करायचे, ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी नाते असल्यासारखे बोलायचे: हा या गद्यप्रकाराचा गाभा आहे.

धामणगाव रेल्वेच्या उत्तरेस, वर्धा नदीच्या काठी, कौंडिण्यपूर आहे. परंपरा या स्थळाला विदर्भराज भीमकाची राजधानी मानते, आणि त्या राजधानीतून गेलेले एक पत्र या चर्चेत आणल्यावाचून राहवत नाही. भागवताच्या दशम स्कंधातील बावन्नाव्या अध्यायात रुक्मिणीने श्रीकृष्णाला पाठवलेला संदेश सात श्लोकांचा आहे. नरेंद्राच्या आणि एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरांनी तो मराठी मनात कायमचा रुजवला. भक्तीच्या अंगाने या संदेशाचे विवेचन पुष्कळ झाले आहे. पत्ररचना म्हणून तो वाचला तर काय दिसते? पहिल्या श्लोकात मागणी नाही. गुण ऐकले आणि मन लज्जा सोडून तिकडे गेले, एवढेच निवेदन आहे. दुसऱ्यात समोरच्याची योग्यता, तिसऱ्यात स्वतःचा निर्णय आणि त्याला असलेला धोका, चौथ्यात आपल्या पुण्याईचा हवाला. विवाह उद्यावर आला आहे, ही निकड पाचव्या श्लोकात येते. सहाव्यात नेमके स्थळ आणि वेळ: विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेसाठी वधू नगराबाहेर गिरिजेच्या मंदिरी जाते. सातव्यात, हे न झाले तर प्राणत्यागाचा निश्चय.

आजच्या विपणनशास्त्रात विषयओळीचे जे गुण सांगितले जातात, ते सगळे या संदेशात आहेत. निकड आहे, गुप्तता आहे, वैयक्तिक संबोधन आहे, स्पष्ट कृती सांगितलेली आहे, गमावण्याचे भयही आहे. एखाद्या सल्लागाराने त्यातून 'उद्या लग्न, आजच या' अशी ओळ काढून दाखवली तर तिच्यातला एकही शब्द खोटा ठरणार नाही. तरीही ते पत्र उरणार नाही. कारण निकड पाचव्या श्लोकात येऊ शकते ती आधीच्या चार श्लोकांनी तिचा अधिकार कमावला म्हणून. आणि सगळ्या संदेशाचे सामर्थ्य एका साध्या गोष्टीवर उभे आहे: तो एकालाच लिहिलेला आहे. हाच संदेश चारशे यादवांना गेला असता, तर तो चारशेपटीने प्रभावी झाला नसता. द्वारकेत हसे झाले असते.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपली रीत या ठिकाणी उपयोगी पडते. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगे स्पष्ट झाल्याशिवाय जाणता वाचक ग्रंथात प्रवृत्त होत नाही, असे मीमांसकांपासून वेदान्त्यांपर्यंत सर्वांनी गृहीत धरले. ई-मेलच्या एका ओळीकडून या चारही प्रश्नांचे उत्तर मागितले जाते. हे कशाविषयी आहे, वाचून काय मिळणार, पाठवणाऱ्याचा आणि याचा काय संबंध, आणि हे मुळात कोणासाठी आहे. रकान्याला नाव मात्र 'विषय' एवढेच. वऱ्हाडातल्या रेल्वेकाठच्या पेठांत मारवाडी पेढ्यांची हुंडी चालत असे. तिच्या प्रकारांची नावे पाहिली तरी चौथ्या अंगाचे महत्त्व ध्यानात येते. धनीजोग, शाहजोग, नामजोग: 'जोग' हा प्रत्यय म्हणजे अधिकाऱ्याचा उल्लेखच. कोणी पैसे उचलायचे हे कागदाच्या जातीतच लिहिलेले होते. आज वाईट ठरणाऱ्या बहुतेक विषयओळी विषय सांगत नाहीत म्हणून वाईट ठरत नाहीत. त्या अधिकारी सांगत नाहीत. 'तुमच्यासाठी खास' या शब्दांत 'तुम्ही' कोण हे कोठेच ठरलेले नसते.

वाक्यार्थबोधाला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात, हे आपल्याकडील शाब्दबोधाचे प्रसिद्ध मत. इंग्रजीत ज्याला कुतूहलाची फट म्हणतात, आणि जी ठेवण्याचे प्रशिक्षण या व्यवसायात दिले जाते, ती या परिभाषेत मुद्दाम अपूर्ण ठेवलेली आकांक्षा होय. 'तुम्ही हे विसरलात का?' या ओळीत 'हे' कशाला लागते ते कळत नाही, आणि कळून घेण्यासाठी पत्र उघडावे लागते. युक्ती म्हणून तिला हरकत घेण्याचे कारण नाही; रहस्यकथेचे पहिले वाक्यही हेच करते. प्रश्न पुढे उभा राहतो. आत जे सापडते ते त्या आकांक्षेला योग्य असते का? बाहेर 'तुमच्या खात्याविषयी महत्त्वाची सूचना' आणि आत कर्जाची जाहिरात, असे असेल तर आकांक्षा पुरी होते पण योग्यतेचा भंग होतो, आणि वाक्यार्थाच्या जागी फसगतीचा अनुभव येतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने मजकुराविषयी दिशाभूल करणारी विषयओळ बेकायदा ठरवली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली आलेल्या ६६-अ या कलमाचा एक भाग संदेशाच्या उगमाविषयी प्राप्तकर्त्याची दिशाभूल करणाऱ्या ई-मेलसंबंधी होता. ते कलम इतर कारणांनी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संकोचामुळे, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आणि ते योग्यच झाले. योग्यता हा शब्द नैयायिकांनी वाक्यापुरता वापरला होता. त्याचा एवढा दूरचा वारस कायद्याच्या पुस्तकात सापडावा ही गंमतच.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण राजकारणातले आहे. २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेने निधीसाठी पाठवलेल्या ई-मेलांत एका पत्राची विषयओळ होती, 'माझ्यापेक्षा जास्त खर्च केला जाणार आहे' अशा अर्थाची. त्या एका पत्राने सव्वीस लाख डॉलरांहून अधिक जमा केले. दुसरी यशस्वी ओळ होती ती नुसते 'हे' असे अनौपचारिक इंग्रजी संबोधन. यंत्रणेतील लोक प्रत्येक पत्राच्या अनेक विषयओळी लिहीत, त्या थोड्या थोड्या लोकांवर तपासून पाहत आणि सरस ठरेल ती सर्वांना पाठवत. कोणती सरस ठरेल याचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र वारंवार चुके. समीक्षेने या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. अभिनवगुप्तांपासून आपण ज्या सहृदयाच्या भरवशावर साहित्यविचार उभा केला, त्याच्या जागी इथे मोजणी आली आहे, आणि ती निष्णात लेखकांच्या रुचीला खोटे पाडते.

अर्थात मोजणीही निर्मळ नाही. पत्र 'उघडले' हे कळते ते आत लपवलेल्या एका अदृश्य चित्राच्या मागणीवरून. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या टपालप्रणालीने वाचकाची इच्छा असल्यास ही चित्रे आधीच, परस्पर उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून माणसाने न पाहिलेली पत्रेही उघडल्याच्या खात्यात जमा होऊ लागली. सहृदयाची जागा मोजणीने घेतली, आणि मोजणीची यंत्राने.

ओबामांच्या त्या एकाक्षरी संबोधनाचे मराठी करून पाहावे. 'अहो' म्हटले तर नवरा-बायकोचे घर उभे राहते. 'अरे' म्हटले तर लगट होते. 'काय बाप्पा' किंवा 'काय गा' म्हटले तर वऱ्हाडाबाहेरचा वाचक स्वतःला वगळलेला समजतो आणि वऱ्हाडातला वाचक विचारतो, हा कोण? मराठीत नाते टाळून हाक मारता येत नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करणे म्हणजे मायना लिहिणेच आहे. इंग्रजीतून उतरवलेल्या विषयओळी इथेच उघड्या पडतात. 'तुमची टोपली तुमची वाट पाहत आहे' या ओळीत टोपलीला जी प्रतीक्षा बहाल केली आहे ती मराठी वाचकाला विरहिणीच्या खात्यातून उसनी घेतल्यासारखी वाटते. 'घाई करा' ही आज्ञा दुकानदाराने गिऱ्हाइकाला करायची नसते. बाजारपेठेतला कोणताही कापडवाला 'या, बसा, पाहून तर घ्या' असेच म्हणेल. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. जाहिरातीचेही ते जीवित आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

लिपीचाही एक भाग आहे, आणि तो थोडक्यात सांगून टाकावा. ई-मेलचा मथळा मूळचा रोमन अक्षरांपुरताच होता. इतर लिप्यांना त्यात शिरकाव मिळाला तो सांकेतिक वेष घालून. त्याचे आज रूढ असलेले प्रमाणीकरण १९९६ चे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, म्हणजे 'धामणगाव' या सात चिन्हांना एकवीस बाइट, तर रोमन अक्षरांतल्या 'रेल्वे'ला सात. वेष उतरवताना गफलत झाली की मराठी विषयओळीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. मराठी व्यापारी पत्रे दीर्घकाळ इंग्रजी विषयओळ घेऊन जात राहिली, त्याला हीनगंडाबरोबर हेही कारण होते.

मग चांगली विषयओळ कोणती? बियाण्यांच्या दुकानाची दोन संभाव्य पत्रे समोर ठेवावीत. एकाचा विषय: 'हंगामाची सर्वांत मोठी संधी!' दुसऱ्याचा: 'सोयाबीन बियाणे आले, उगवणशक्ती तपासलेले, मर्यादित पोती'. दुसरी ओळ 'रेल्वे' या शब्दाप्रमाणे काम करते. ती स्वतःचे गुणगान न करता स्वतःला इतरांतून वेगळे काढते. ज्याला सोयाबीन पेरायचे नाही तो तिला न उघडता पुढे जाईल, आणि ते त्या ओळीचे यशच आहे. पेरणाऱ्याला ठाऊक असते की, प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान सत्तर टक्के हवी आणि ती न तपासता पेरले तर दुबार पेरणीचा खर्च बसतो. म्हणून 'तपासलेले' हा एक शब्द त्याच्या लेखी सगळ्या उद्गारचिन्हांना भारी आहे. वाच्यार्थाने बोलणारी ओळ अधिकाऱ्याला नेमकी सापडली की, तिची व्यंजना तोच पुरवतो. पहिल्या ओळीत व्यंजनेचा आव आहे. व्यंग्य असे काहीच नाही. जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये संहितेच्या उंबरठ्यांचा सविस्तर विचार केला. शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना हे त्यांचे उंबरठे वाचकाला संहितेत नेतात. चांगली विषयओळ काही वाचकांना उंबरठ्यावरूनच सन्मानाने परत पाठवते, ही भर त्या विचारात घालायला हवी.

पोस्टकार्डाच्या काळात असा उंबरठा अक्षरांवाचून होता. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे लागलेली असत. मृत्यूचे वर्तमान कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. ते वाचून होताच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. पोस्टमनच्या हातातच ते कळे आणि निरक्षर आजीलाही कळे. तारेला तर कोपराही लागत नसे, तार आली एवढ्यानेच घर गप्प होई. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फाटलेला कोपरा कोणीही खोटा वापरला नाही. त्याला कायद्याचे बंधन नव्हते. त्याचा गैरवापर करणे अभद्र होते, आणि तेवढे पुरत असे.

निकडीची भाषा रोज खोटी वापरली गेली की खऱ्या निकडीला शब्द उरत नाहीत, हे नुकसान वऱ्हाडात अगदी मोजता येण्याजोगे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, गारपीट किंवा अतिवृष्टीसारख्या स्थानिक आपत्तीने पीक गेले तर बहात्तर तासांच्या आत कळवण्याची अट घालण्यात आली. हे बहात्तर तास खरे होते. ज्या फोनवर त्यांची आठवण यायची, त्याच फोनवर 'शेवटचे चोवीस तास' असे सांगणारे चप्पल-जोड्यांचे आणि सोप्या कर्जाचे संदेश दिवसभर येत होते. दोहोंची शब्दकळा एकच होती.

लघुसंदेशांच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये एक उपाय लागू केला. पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक रोमन अक्षर जोडले जाऊ लागले: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी आणि शासनाच्या संदेशाला जी. मजकूर वाचण्याआधी त्याची जात कळावी, ही व्यवस्था फाटलेल्या कोपऱ्याच्या फार जवळची आहे. ई-मेलला असा कोपरा नाही. २०१३ पासून गूगलच्या टपालपेटीत जाहिरातींचा कप्पा वेगळा निघाला, पण कोणते पत्र त्यात टाकायचे हे यंत्र ठरवते, आणि विषयओळ लिहिणाऱ्याचे निम्मे कौशल्य त्या कप्प्यातून निसटण्यात खर्च होते. नरेंद्राविषयी महानुभाव परंपरेत सांगतात की, रामदेवराव यादवाने त्याच्या रुक्मिणीस्वयंवरावर स्वतःचे नाव घालण्याची इच्छा दर्शवली आणि कवीने ती नाकारली. प्रेषकाच्या रकान्यात कोणाचे नाव असावे, हा प्रश्न तेव्हाही विषयाइतकाच मोठा होता. आजही टपालपेटी उघडणारा वाचक आधी ते नाव पाहतो. ओळखीचे असेल तर 'विषय' कोरा असला तरी पत्र उघडतो.